टाकलेलं नाव

१

नदी ओलांडताना मी तिला कोणत्या नावाने हाक मारली, एवढाच प्रश्न होता. त्या एका प्रश्नापायी मी ती सबंध रात्र छपराचे बांबू मोजत काढली. बांबू सव्वीस आहेत. प्रश्न सुटला नाही. खरं सांगायचं तर उत्तर मला पहिल्या बांबूपासून माहीत होतं.

लेकरू घेऊन कुठूनही निघताना आमच्यात त्याला नावाने बोलावतात. ‘चल गं, घरी जाऊ, मागे राहू नकोस.’ तीनदा. लेकरू पाठीवर बांधलेलं असलं तरी, आणि झोपलेलं असलं तर नक्कीच. कारण लेकरू निघतं, पण त्याचा सोबती, त्याचा उमागाद, कुठेतरी रमलेला असतो. खडे खेळत असतो, बेडकामागे गेलेला असतो. त्याला कुणी सांगायला नको? मी बारावी शिकलेय, सहा दिवसांचं आरोग्यसेविकेचं शिक्षण घेतलंय, आणि माझा यावर विश्वास नाही. आणि मुलीला तीनदा बोलावल्याशिवाय मी आजवर एकाही जागेवरून उठलेले नाही. दोन्ही खरं आहे.

माझ्या मुलीची नावं दोन. जन्मली तेव्हा आम्ही तिला सिलायान म्हटलं. देखणं नाव. सासूच्या मते तिथेच चुकलं. देखण्या नावाला गिऱ्हाईक फार. गेल्या उन्हाळ्यात तिच्या छातीत कफ धरला, ताप उतरेना, दवाखान्यातून अकरा दिवसांनी आणली तेव्हा कडेवर पोर आहे की धुतलेलं फडकं, ते कळत नव्हतं. मग म्हाताऱ्या लिगावला बोलावलं. ती आमची बायलान; आजार ती बघते, नावंही तीच बघते. तिने मुलीचा पिवळा फ्रॉक मागितला, त्यात तोंड घालून तिचं नाव उच्चारलं, फ्रॉकची मोटली बांधली आणि नदीपलीकडे नेऊन एका बांबूला बांधून आली.

‘आता या नावाची पोर पलीकडे राहते,’ ती म्हणाली. ‘आजारी आहे बिचारी. पण ती तुमची नव्हे. तुमची ही. हिचं नाव बिनलुद.’

बिनलुद म्हणजे तांदळाची कणी. कणीला कोण विचारतो? तिसऱ्या दिवशी ताप उतरला. दवाखान्याने शेवटी बदलून दिलेल्या औषधाचा पाचवा दिवसही तोच होता, हे मी लिहून ठेवलं आहे.

पण कागदावर ती सिलायानच राहिली. जन्मदाखला, लसीचं कार्ड, दवाखान्याची फाइल. बदलायचं तर तालुक्याला खेपा घालायच्या, आणि का बदललं ते खिडकीतल्या माणसाला सांगायचं. मी ते टाळलं. त्या दिवशी छातीचा फोटो काढायला तिला शहरात नेलं, तर सकाळपासून सात वेळा पुकारा झाला, ‘सिलायान लुमान्साद!’ आणि सातही वेळा मी हात वर करून म्हटलं, ‘हीच. ही बघा, हीच.’

परत येताना नदीशी पोचले तेव्हा दुपार कलली होती. ती पाठीवर झोपलेली. माझं डोकं दुखत होतं. काठावर उभी राहून मी म्हटलं, ‘चल सिलायान, घरी जाऊ.’ दोनदा काठावर म्हटलं. तिसऱ्यांदा पाणी गुडघ्याला लागलं होतं, आणि तेव्हा माझाच आवाज माझ्या कानात शिरला.

मी वळून बघितलं नाही. मागे काही असेल म्हणून नव्हे. मधल्या धारेत वळलं तर पाय निसटतो.

२

सकाळी सगळं जसंच्या तसं होतं. पाठ दुखत होती, कारण अर्ध्या नदीपासून झोळी जड झाली होती, आणि ती जड झाली होती, कारण तिचं टोक पाण्यात भिजलं होतं. मी चाचपून बघितलं. टोक कोरडं होतं. रात्रभरात वाळलं असणार.

सासू उंबऱ्याशी बसून रताळी सोलत होती. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. सुनेने सासूचं नाव घ्यायचं नाही, लिहायचंही नाही असं मी धरून चालते. लेक मला इने म्हणते आणि आजीला अपो, म्हणून मीही तिला अपो. आमच्या घरात नावं अशी अंड्यांसारखी जपून हाताळायची असतात. कुणाच्या हातून फुटली, ते मला सांगायचं नव्हतं.

मुलीने अर्धा भात खाल्ला. मग दोन्ही हातांनी ताटली धरून हळूच फिरवली. उरलेला अर्धा भात चटईच्या रिकाम्या बाजूला आला. ती हात मांडीवर ठेवून शहाण्यासारखी बसून राहिली. कुणीतरी जेवत असताना बसावं तशी.

‘ताटली फिरवून कुणाला वाढतेस गं कणे?’ सासू म्हणाली. ‘मला? माझे दात बघितलेस का? मऊ कर जरा, मग वाढ.’

मी हसले. मुलगी हसली नाही. तिने सासूकडे जरा वैतागून बघितलं, जेवताना कुणी बोललं की बघतात तसं.

दुपारी ती झोपली. एरवी ती चटईच्या मधोमध हातपाय पसरून झोपते, आम्हाला कडेने जागा शोधावी लागते. त्या दिवशी ती अगदी काठाला, एका कुशीवर झोपली होती. पांघरुणाचं फडकं तिने स्वतःवर निम्मंच घेतलं होतं. उरलेलं निम्मं शेजारी नीट पसरलेलं होतं. ते अजिबात चुरगळलेलं नव्हतं.

पोरं खेळतात. मीही लहानपणी केळफुलाला पाळण्यात घालून जोजवत होते. मी ते फडकं उचलून तिच्यावर पुरतं घातलं. तेवढ्यानेच ती झोपेत रडायला लागली.

३

महिन्यातून एकदा पाड्यातल्या पाच वर्षांखालच्या पोरांची वजनं मी घेते. जागा म्हणजे बास्केटबॉलचं मैदान, कारण छप्पर फक्त तिथे आहे. झोळीचा वजनकाटा बास्केटच्या कड्याला टांगते. पोर झोळीत घालायचं, लोंबकळू द्यायचं, काटा स्थिर झाला की वाचायचं, लिहायचं, पोर काढायचं. पोरं बोंबलतात. आया गप्पा मारतात.

‘बाई, माझ्याचं जरा कमी लाव. बिस्किटं जास्त मिळतील.’

‘त्याला बघून कोण देईल बिस्किटं? काटा तुटेल की!’

वहीतलं नाव वाचून पुकारायचं असतं. आमच्या मुलीची पाळी आली तेव्हा मी पुकारलं नाही. गुपचूप उचलून तिला झोळीत घातलं. दहा किलो दोनशे. मागच्या महिन्यात दहा सहाशे होती. चारशे ग्रॅम उतरली. होतं असं, पावसाळ्याच्या तोंडाला सगळीच पोरं उतरतात. मी तिला काढून कडेवर घेतलं आणि पुढच्या नावाकडे वळले.

झोळी रिकामी होती. काटा सात किलो नऊशेवर होता.

मी बघत राहिले. झोळी जरा झुलत होती. काटा हलत नव्हता. सात नऊशे हा आकडा मी ओळखते. बायलानला बोलावलं त्या दिवशी मुलीचं वजन तेवढं होतं. कार्डावर माझ्याच हातचं आहे, नऊ जरा पुसट.

‘आता काय वाऱ्याचं वजन करतेस?’ मागून कुणीतरी म्हणालं. ‘त्यालाही बिस्किट देणार?’

सगळ्या हसल्या. मी काट्यावर बोटाने टकटक केलं. काटा जागचा हलला नाही. मग झोळी एका बाजूला कलली, पोर आपलं आपण उतरायला लागलं की कलते तशी, आणि काटा शून्यावर गेला. कडेवरची मुलगी जमिनीकडे बघत होती. मग ती सरकली. माझ्या कमरेवर तिने थोडी जागा केली.

संध्याकाळी मी त्या काट्याला पाच किलो तांदळाची पिशवी लावून बघितली. बरोबर पाच. स्प्रिंग अडकते का म्हणून दहादा लावली, दहादा काढली. काटा चांगला होता. यंत्र बिघडलेलं असावं म्हणून इतकी आस लावून बसलेली आरोग्यसेविका दुसरी नसेल.

४

चार दिवसांनी खोकला सुरू झाला. कोरडा, वरवरचा, पण त्याचा सूर माझ्या ओळखीचा होता. उन्हाळ्यातलाच.

काटा मी घरी आणून तुळईला टांगला. सासूला सांगितलं, दुरुस्त करतेय. रोज सकाळी मुलीला घालायची, वाचायचं, काढायची, आणि मग, हे मी कुणाला सांगितलं नाही, रिकामी झोळी पण वाचायची. नऊ आठशे आणि आठ तीनशे. नऊ पाचशे आणि आठ सहाशे. जेवढं इकडून उतरत होतं, तेवढंच तिकडे चढत होतं. दोन आकडे एकमेकांच्या दिशेने चालत निघाले होते. भेटले की पुढे काय, याचं गणित मला मांडायचं नव्हतं.

नवरा खाली केळीच्या मळ्यावर कामाला. तो पंधरा दिवसांनी येणार. सासू अंगणात अबाकाचे, म्हणजे रानकेळीचे, वाख काढत होती, सुरीच्या पातीखालून सोपट ओढायचं, पांढरा दोरा सुटा करायचा. मी तिच्यासमोर जाऊन बसले.

‘अपो, एक सांगायचंय.’

‘कुणी मेलंय का?’

‘नाही.’

‘मग सांग. एवढं तोंड करायला काय झालं?’

मी सांगितलं. दवाखान्याच्या सात पुकाऱ्यांपासून सुरुवात केली, म्हणजे माझा दोष जरा पातळ होईल. ती वाख ओढत राहिली. नदीशी आले तेव्हा तिचे हात थांबले.

‘किती वेळा?’

‘तीन.’

‘एकदा म्हटल्यावर कळलं नाही?’

‘सवयीने गेलं तोंडातून.’

‘शिकलेली सून करा, म्हणाले होते लोक. कागद वाचते म्हणाले. वाचलास बाई कागद. नदीकाठी उभी राहून मोठ्याने वाचलास.’ मग तिने हातातला वाख मांडीवर ठेवला. ‘आणि मी ताटलीला हसत बसले,’ ती हळू आवाजात म्हणाली. तिच्या टोमण्यांची मला सवय आहे. अशा बोलण्याची नाही.

‘उद्या शहरात नेते तिला. औषध बदलून देतील.’

‘ने की. जरूर ने. आणि तिथे पुकारतील काय?’

मग आम्ही मुलीला घेऊन लिगावकडे गेलो.

म्हाताऱ्या लिगावला आता फारसं दिसत नाही. तिने मुलीला जवळ घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग शेजारच्या हवेतही हात फिरवला. तेवढ्याच उंचीवर, तेवढ्याच मायेने. ‘रागावू नका तिला,’ ती म्हणाली. ‘बोलावलं म्हणून आली. आता बोलावलं तर कुठलं पोर येणार नाही? पण ही तिला पोसते आहे. एका अंगावर दोघी जगायच्या नाहीत.’

काय करायचं ते तिने सांगितलं. दिवसाउजेडी जायचं. पलीकडच्या काठावर उकडलेलं अंडं आणि भात ठेवायचा. मुलीला खाली उतरवायचं. मग पाण्याकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ करून उकिडवं बसायचं, आणि बरोबर नाव तीनदा घ्यायचं.

‘जिचं नाव, ती आपली आपण पाठीवर चढेल. तू वळायचं नाही. हात मागे न्यायचा नाही. पाठ द्यायची आणि थांबायचं. थांबता येतं का तुला?’

‘येतं,’ मी म्हटलं.

‘हिला?’ सासू म्हणाली. ‘हिला भात शिजेपर्यंत चारदा झाकण उघडून बघावं लागतं.’

५

सकाळी दहाच्या सुमाराला निघाले. सासू नदीपर्यंत आली नाही. एकटीने जायचं असतं. धुकं नव्हतं, ढग नव्हते, पाणी घोट्याच्या वर चार बोटं. भ्यायला काही म्हणून नव्हतं. मुलगी पाठीवर होती, आणि झोळी दोघींची असावी तशी खांद्यात रुतत होती.

पलीकडे तो बांबू सापडला. गाठ होती, फ्रॉक नव्हता. वर्षभरात वाऱ्याने गेला असेल, कुणी पायपुसण्याला नेला असेल. गाठ मात्र घट्ट होती आणि तिच्या आत काही नव्हतं. अशी गाठ कशी राहते यावर मी थोडा वेळ विचार केला आणि मग सोडून दिला.

केळीच्या पानावर भात ठेवला, अंडं ठेवलं. मुलीला वाळूवर उतरवलं. ती खोकली. तिची हनुवटी पुसली. तिचा चेहरा मला नीट बघून घ्यायचा होता, डाव्या भुवईतला कांजिण्यांचा खळगा, वरचे दोन फटीचे दात. बघितला. मग तिच्याकडे पाठ केली आणि पाण्याशी उकिडवी बसले.

‘चल बिनलुद, घरी जाऊ.’

मागे वाळू वाजली. उजवीकडे. दोन पावलं आणि थांबली.

‘चल बिनलुद. मागे राहू नकोस.’

पुन्हा वाळू वाजली. या वेळी डावीकडे.

माझ्यासमोर दोन दगडांच्या मध्ये पाणी थोपून राहिलं होतं. हातभर जागा, आरशासारखी. तिथे मी खाली बघायला नको होतं. पण बायलानने वळू नको म्हटलं होतं, खाली बघू नको म्हटलं नव्हतं, आणि मला शाळेपासून प्रश्नातल्या अशा फटी शोधायची सवय आहे. पाण्यात माझा चेहरा होता. माझ्या एका खांद्यावरून एक लहान डोकं दिसत होतं. दुसऱ्या खांद्यावरूनही. दोघींचे केस सासू कापते तसे वाकडे कापलेले. दोघींच्या भुवईत खळगा. एक पाण्याकडे बघत होती. एक माझ्याकडे बघत होती.

माझ्याकडे बघतेय ती माझी, असं मला वाटलं. ती पाण्यात डावीकडे होती. पाण्यात डावं-उजवं उलटं होतं का? हे मला शिकवलं होतं. आकृती काढून शिकवलं होतं, बाणांसकट. मी ती आकृती आठवत बसले. तेवढ्यात मागे कुणीतरी खोकलं, एकदाच, आणि नदीच्या आवाजात ते कुठल्या बाजूने आलं ते कळलं नाही. कुणी पाठीवर चढत नव्हतं. दोघी उभ्याच होत्या. मी थांबले. खरंच थांबले, मोजून दहा श्वास. तिसरी हाक ओठांवर आली, ‘चल बिन...’

आणि माझा हात मागे गेला.

मी नेला असं म्हणवत नाही. गेला. बोटांना एक मनगट लागलं, बारीक, गार. ते मी ओढलं, पाठीवर घेतलं, झोळीची गाठ मारली आणि पाण्यात उतरले. नावाचा उरलेला तुकडा मी मधल्या धारेत पुरा केला.

पाठ हलकी होती. एका पोराइतकी. झोळी खांद्यात रुतत नव्हती. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. मागच्या काठावरून काही ऐकू आलं नाही. किंवा पाण्याचा आवाज मोठा होता.

६

सासू अंगणाच्या कडेला उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

‘आपली आपण चढली?’

‘चढली,’ मी म्हटलं.

तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग मुलीला उचलून घेतलं, तिच्या छातीला कान लावला. ‘घरघर नाही. अगदी नाही गं!’ आणि ती हसायला लागली, तिचे उरलेसुरले दात दाखवत. ‘कणे, माझी सोन्याची कणी. बस, जेव.’

मुलगी जेवली. सगळा भात जेवली, ताटली फिरवली नाही, वरून रताळंही मागितलं. खोकली नाही. भुवईतला खळगा जागच्या जागी होता. मी अंगठ्याने चाचपला. दात दोन्ही. तुळईला काटा लटकत होता, पण मी तिला त्यात घातलं नाही. उद्या घालीन, असं ठरवलं. आजच्या दिवस आकडे नकोत.

सासू डुकरांना खायला घालायला मागे गेली. ती काहीतरी गुणगुणत होती, कित्येक महिन्यांनी. मी पायऱ्यांवर बसून पोटऱ्यांवरची वाळू झाडत होते, आणि मनात स्वतःला समजावत होते. हात मागे गेला तर गेला. बायलान म्हातारी झाली आहे, प्रत्येक गोष्टीला नियम सांगते. खोकला गेला ना? जेवली ना? मग?

मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली. तिने पाय हलवायला सुरुवात केली. नदी तिथून दिसत नाही, फक्त ऐकू येते. ती बराच वेळ त्या बाजूला कान देऊन बसली होती. आणि मग मलाही, म्हणजे मला वाटलं, पाण्याच्या आवाजात मध्येच एक कोरडा, वरवरचा आवाज आल्यासारखं वाटलं. माकडंही तसा आवाज काढतात.

‘काय ऐकतेस गं?’ मी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला नुसतं समजून घ्यायचं होतं.

‘इने,’ ती म्हणाली, ‘तू तिला हाक मारलीस ना? मग मला का उचललंस?’